केळीच्या पानाचं कव्हर

आण्णा, परवा रविवारी सांगलीत तुमची रेकॉर्डची पेटी चारचौघांसमोर उघडणार आहेत, आणि तीन दिवस झाले मला अन्न गोड लागेना झालंय. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून काउंटरवरच लिहायला बसलेय. दुपारची वेळ आहे, चारपर्यंत कुणी येत नाही. हे औषधांचं दुकान तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही ते घातलं. सकाळी मालक, तुमचे जावई, बसतात, दुपारनंतर मी. आज सकाळी मात्र मालकांना बँकेत काम होतं म्हणून मीच होते. एक म्हातारी आली, तिला गोळ्यांच्या पाकिटावर खुणा करून द्यायच्या होत्या. वाचता न येणाऱ्यांना मी तसंच करून देते, सकाळच्या गोळीवर सूर्य आणि रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर. माझा हात इतका थरथरला की सूर्याचं पार वांगं झालं. म्हातारी म्हणाली, "काय गं बाई, तुलाच एक गोळी घ्यावी लागतीय जणू." मी हसले, पण खरं सांगायचं तर ती बरोबर बोलली.

पेटी उघडणारी दुसरी तिसरी कोणी नाही, तुमचीच नात आहे. धाकट्याची मुलगी. तिला तुम्ही पाहिलं नाहीत, पण नाक तुमचंच घेऊन आलीय, आणि हट्टही. पुण्यात डिझाइनचं शिकून आली आणि तिला जुन्या रेकॉर्डच्या कव्हरांचा नाद लागला. त्यातही खाण्याच्या चित्रांचा. जुन्या कव्हरांवर केक, द्राक्षं, आंबे, विडा, लाडू का छापायचे, गाण्याचा आणि खाण्याचा काय संबंध, यावर तिने लोकांकडून शंभरेक कव्हरं गोळा केली आणि एक हॉल घेऊन प्रदर्शन मांडलंय. धाकट्याच्या माळ्यावरची तुमची पत्र्याची पेटी तिनेच खाली काढली. मग मला फोन. "आत्या, आजोबा काय फूडी होते का गं? पेटीत जवळजवळ सगळी कव्हरं खाण्याचीच आहेत! एवढं कलेक्शन कुणाचंच नाही." तिने कार्डसुद्धा लिहून ठेवलंय, पेटीशेजारी लावायला: 'आमचे आजोबा खवय्ये होते. खाण्यावरच्या प्रेमातून त्यांनी ही कव्हरं जमवली.' आणि शेवटी म्हणाली, "एक कव्हर मात्र गंमतशीर आहे. मधलं चित्रच नाहीये. उंदराने कुरतडलेलं नाही गं, ब्लेडने नीट कापलंय. कुणी कापलं असेल?" आण्णा, ते मी कापलंय. आणि का कापलं, कापल्यामुळे काय झालं हे सांगायचं म्हटलं, तर तुम्ही आयुष्यभर झाकलेली गोष्ट आधी उघडी करावी लागते. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, ही.

खवय्ये म्हणे! तुमचं जेवण मी पाहिलेलं आहे. लग्नात कर्णा लावून गाणी वाजवायला जायचात, आणि पंगतीला सगळ्यांत शेवटी बसायचात, वरमाय उठली, वाढपी उठले, आचारी उठले की मग. तोवर भाताची ढेकळं झालेली आणि आमटीचं नुसतं पाणी. गोड तर तुम्हाला चालायचंच नाही, दाढ ठणकायची. वाट्याला आलेली बुंदी रुमालात बांधून तुम्ही माझ्यासाठी आणायचात, आणि रुमालाला अँप्लिफायरच्या गरम तारांचा वास लागलेला असायचा. मला बरीच वर्षं बुंदीचा वासच तसा असतो असं वाटायचं. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणायचात, "भाकरी हाय का गं? लगीन पोटात ऱ्हात न्हाई." असा माणूस खवय्या!

मला कधी कळलं ते सांगते. चौथीत असेन. लग्नघरची माणसं आधी दोन दिवस चिठ्ठी आणून द्यायची, कुठल्या वेळी काय वाजवायचं त्याची. तुम्ही त्यांच्यासमोर खिसे चाचपायचात आणि म्हणायचात, "चष्मा मिरजंला इसारलो बगा. ऱ्हाऊ द्या, निवांत बगतो." चष्मा मिरजेलाही नव्हता आणि घरीही नव्हता, तुम्हाला तो कधी लागलाच नाही. माणसं गेली की तुम्ही मला गोठ्यामागे बोलवायचात, चिठ्ठी माझ्या हातात द्यायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. एकदाच ऐकायचात. हळदीला काय, अक्षतांना काय, वरातीला काय, सगळं पाठ. मग चिठ्ठी चुलीत. आईला ठाऊक होतं. धाकटा तर पाळण्यात होता. वडूजात तुम्ही आटपाडीकडून आलेले, पोरवय सगळं मेंढरांमागे गेलेलं, शाळा लांबूनसुद्धा पाहिली नव्हती. पण मशीन चालवणारा, इंग्रजी अक्षरांच्या रेकॉर्डी हाताळणारा माणूस अडाणी कसा असेल, असं लोकच धरून चालले आणि तुम्ही ते खोडून काढलं नाही. माझ्याकडून तेवढा शब्द घेतला होतात. "ह्ये तुझ्यात नि माझ्यात. भाईर गेलं तर कर्ण्याचं काम कोण देईल मला?"

म्हणून तर ती खाण्याची चित्रं. मिरजेच्या दुकानात तुम्ही रेकॉर्ड आधी वाजवून घ्यायचात आणि पसंत पडली की कव्हर उलटसुलट करून बघायचात. नट-नटीची चित्रं असली तर परत द्यायचात. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणालात, "माणसांची त्वांडं रंगवली की समदी सारकीच दिसत्यात. जिलबी कशी, जिलबीच दिसती." लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही आईच्या मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्याने एकेक रेकॉर्ड पुसायला बसायचात. चुलीपुढे आई भाकरी थापतेय, धूर झालाय, तुम्ही डोळे बारीक करून पुसताय आणि स्वतःशीच उजळणी चाललीय. केकाची, ही वरातीला. विड्याची लावणी, ही पोरं लय मागं लागली तरच, आणि म्हाताऱ्यांना विचारून. द्राक्षाची गझल, पावणे जेवायला बसल्यावर. "ही द्राक्षं काय तासगावची न्हाईत," असं दर वेळी म्हणायचात, "लय बारकी हायत." पेढ्याची म्हणजे सनई. तिच्या कव्हरवर तबकात पेढे आणि नारळ होते, ती अक्षता पडल्या पडल्या लावायची. आणि सगळ्यांत शेवटी, वेगळी ठेवलेली, केळीच्या पानाची. हिरव्यागार पानावर भात, त्यावर पिवळं वरण, लिंबाची फोड, भाजी, कोशिंबीर. नैवेद्याचं पान. आत भजनं होती, कुणाच्या तेराव्याला बोलावणं आलं तर ती न्यायची. रेकॉर्डी बाहेर काढल्या की सगळ्या काळ्याच, मधल्या गोल कागदावर मुंगीएवढी अक्षरं. कव्हर हेच तुमचं वाचन होतं. आणि हे मला, फक्त मला, माहीत होतं. तेच मला छळतं आण्णा. दुसऱ्या कुणी कापलं असतं तर अजाणतेपणी कापलं म्हणता आलं असतं.

सहावीत बाईंनी समतोल आहाराचा चार्ट करून आणायला सांगितला. चित्रं चिकटवायची. ज्यांच्या घरी मासिकं यायची त्यांचं भागलं. आपल्या घरात छापील चित्र म्हणून एक कॅलेंडर, त्यावर देव. मी आठवडाभर टाळलं. मग एक दिवस तुम्ही रानात, आई ओढ्यावर, आणि पेटी उघडी. केळीच्या पानावर अख्खा समतोल आहार मांडलेला होता, भात आहे, डाळ आहे, भाजी आहे, लिंबूसुद्धा आहे. तुमच्या दाढीचं ब्लेड घेतलं आणि पान कापून काढलं. भोकातून आतली काळी रेकॉर्ड दिसत होती, डोळा वटारल्यागत. मी काय करावं? भजनांची रेकॉर्ड काढून पेढ्याच्या कव्हरात सरकवली, सनईच्या रेकॉर्डपुढे, आणि भोक पडलेलं कव्हर ज्वारीच्या कणगीमागे दडपून ठेवलं. माझा हिशोब असा की हल्ली कुणाचं तेरावं नाही, तोवर चार्ट परत मिळेल, पान सोडवून डिंकाने जागच्या जागी चिकटवू. अकरा वर्षांची अक्कल ती. पेढ्याच्या कव्हराला मात्र लग्न लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार्ट परत मिळाला पण चिकटवायला वेळ नाही मिळाला. चार दिवसांत शेजारच्या वस्तीवर घाईघाईने लग्न निघालं, त्यामुळे आदल्या दिवशी रेकॉर्डी पुसायला तुम्ही बसलाच नाहीत. दुपारचा मुहूर्त. मुलगी वस्तीवरची, वऱ्हाड आटपाडीचं. कर्णा आंब्याच्या शेंड्याला बांधलेला, आपल्या अंगणापर्यंत शब्द न् शब्द यायचा. मी धुणं वाळत घालत होते. मंगलाष्टकं झाली, सावधान झालं, लोक ओरडले, आणि आता सनई म्हणून मी कान दिला. तर चार खांद्यांवरून निघालेल्या माणसाचं भजन! टाळ, चिपळ्या, तो रडवा आवाज, सगळ्या माळावर. आण्णा, ओली चादर माझ्या हातात तशीच राहिली. आई धावत बाहेर आली. "आगं बया! ह्ये काय लावलंय ह्यांनी? आवं, बंद करा की!" जणू तुम्हाला तिथे ऐकू जाणार होतं. दोन ओळी वाजल्या असतील. मग सुई ओढल्याचा खर्र आवाज, मग काहीच नाही. कर्णा चालू असताना काहीच न वाजणं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कुणी तरी ओरडलं, ते माइकमधून अर्धंच आलं, "अपशकुन..." आणि मग सनई लागली, पण कुणी ऐकत असेल असं वाटत नव्हतं.

तुम्ही संध्याकाळी आलात ते रुमालात काही न बांधता. आईने विचारलं तर म्हणालात, "सुई घसरली." मग पेटी उघडून पेढ्याचं कव्हर मांडीवर घेतलंत, त्यातून दोन्ही रेकॉर्डी काढल्यात आणि दोन गुडघ्यांवर दोन ठेवून नुसते बसून राहिलात. मी दाराआड. मला वाटलं, आता हाक येईल. आता येईल. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "जेवलीस का गं?" बस्स. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही एस्टीने गेलात, आईला सांगितलंत की कर्णा दुरुस्तीला मिरजेला नेतो. पण कर्णा तर ओसरीतच होता. मी तो दिवसभर बघत होते. आणि बाजारच्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी रंगांची पेटी आणलीत, बारा रंग आणि एक कुंचला. "तुजं पयल्या नंबराचं बक्षीस ऱ्हायलं व्हतं," म्हणालात. मग जरा थांबून, "आता चित्रं घरातच काढत जा." मी ते रंग जपून वापरले. हिरवा तर मी कधी उघडलाच नाही. तुम्हाला कळलंय की नाही, कळलंय की नाही, असं मी रोज तुमच्या तोंडाकडे बघून ताडायची, आणि तुमच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. पुढे कॅसेट आल्या, पेटी माळ्यावर गेली, तुम्हीही गेलात. प्रश्न मात्र तसाच राहिला. आणि त्या नवरीचं काय झालं हा दुसरा. आटपाडीकडचं कुणी दुकानात आलं की मी आडून आडून चौकशी करायची आणि उत्तर यायच्या आत विषय बदलायची. ती बरी नसेल तर? नवऱ्याचं काही बरंवाईट झालं असेल तर? लोक म्हणतील, लग्नात भजन वाजलं होतं. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण भीती वाटायला विश्वास लागतोच असं नाही.

परवा नातीचा पुन्हा फोन. तिने कव्हरांचे फोटो मोबाईलवर टाकले होते, ते कुठून कुठून फिरले, आणि आटपाडीच्या एका आजीने नातवाकरवी विचारलं होतं, ही कव्हरं वडूजकडच्या स्पीकरवाल्यांची का? माझ्या लग्नात त्यांचाच कर्णा होता. "आत्या, ती रविवारी येतेय! किती भारी ना? माझ्याशी काही बोलेना. म्हणाली, त्यांच्या लेकीचा नंबर दे." भारी! कोण ती, ते मला लगेच कळलं. दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवला. मालक म्हणाले, कर की एकदाचा, नाहीतर फेकून दे तो फोन. आज सकाळी, ती गोळ्यावाली म्हातारी गेल्यावर, केला.

मी नाव-गाव सांगितलं आणि म्हटलं, "आक्का, तुमच्या लग्नात..." तिकडून खणखणीत आवाज. "आगं व्हय की! भजन लागलं व्हतं माज्या लग्नात. आमचं मालक अजून चिडिवत्यात मला. सत्तरी पार केली त्यांनी, सकाळी दोन मैल चालत्यात." आण्णा, मी स्टुलावर बसले. आक्का म्हणाली, पण तेव्हा हसण्यावारी नव्हतं. वरात दारात आली तरी सासू ओवाळायला बाहेर येईना. घरात गेल्यावरही, हिचा पायगुण असा, हिला परत धाडा, इथवर बोलणं गेलं. "मी कोपऱ्यात बसून. हळद बी उतरली न्हवती अंगावरची. आन दुसऱ्या दिवशी तुजा बाप आला."

मी विचारलं, कुठे आला? "कुटं म्हंजी? आमच्या दारात! समदी भावकी बसली व्हती. काखंत एक कव्हर. मदी भोक पडल्यालं. उभ्या उभ्याच बोलला बग. म्हनला, पावणं, पोरीचा काय दोष न्हाई. शकुन न्हाई, अपशकुन न्हाई. मला अक्षर येत न्हाई. मी चित्रं बगून गाणी लावतो. ह्या कव्हराचं चित्र गेलं, म्हून रेकॉड दुसरीकडं गेली, आन मला वळखू आली न्हाई. म्या आडाणी हाय, चूक माजी हाय. पोरीला घरात घ्या." आक्का पुढे सांगत होती. "भावकीतला एक म्हातारा तुज्या बापाला वळखीत व्हता, मेंढरामागं बगितल्याला. त्यो म्हनला, खरं बोलतोय, ह्यो कवा साळंत गेलाय? मग सासूनं कव्हर हातात घिऊन निरखलं. भोक पाक सरळ, कडा कशा पात्यानं मारल्यागत. म्हनली, कुणी कापलं? तुजा बाप म्हनला, उंदरानं. सासू म्हनली, लय शिकल्याला उंदीर हाय की वो तुमच्या घरात! तवा तुजा बाप म्हनला, व्हय, साळंत जातोय."

आणि मग ती सगळी भावकी हसली म्हणे, सासूसुद्धा, आणि सासूनेच हिचा हात धरून चुलीपाशी नेलं. तुम्हाला चहा दिला, तो तुम्ही घेतलात, आणि उठताना एवढंच म्हणालात की ही अक्षराची गोष्ट इथेच राहू द्या, माझा धंदा आहे. त्या घराने ती राहू दिली आण्णा. पंचेचाळीस वर्षं. आक्का म्हणाली, "म्हून म्या त्या पोरीला काय बोलली न्हाई. शब्द दिल्याला हाय आमच्या घरानं. रईवारी बी मी गप ऱ्हाईन, तू सांगशील तर बोलीन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक इच्यारू का, पोरी? त्यो उंदीर तूच न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आक्का." माझ्या तोंडून आमची जुनी बोली आली, कित्येक वर्षांनी. ती खो खो हसायला लागली आणि मी इकडे गोळ्यांच्या खोक्यांमागे तोंड लपवून रडत होते. एक गिऱ्हाईक आलं, ते तसंच परत गेलं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच संध्याकाळी. तुम्ही कणगीमागे हात घालून कव्हर शोधलंत, काखेत मारून आटपाडीला गेलात, जिथे तुम्हाला मेंढक्याचं पोर म्हणून ओळखणारी माणसं होती, आणि म्हणूनच ज्या दिशेला तुम्ही एरवी फिरकत नव्हतात. जी गोष्ट तुम्ही मला शपथा घालून लपवायला लावलीत ती तिथे अंगणात उभं राहून सांगितलीत, एका परक्या पोरीला चुलीपाशी जागा मिळावी म्हणून. आणि परत येऊन ते भोकाचं कव्हर पेटीत ठेवून दिलंत, टाकून नाही दिलंत. मला रागही येतो तुमचा. एक चपराक दिली असतीत तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते ना! एवढी वर्षं कशाला काळीज कुरतडून घ्यायला लावलीत?

आता कार्डाचं काय करायचं ते सांगा. नातीचं 'खवय्ये' तसंच राहू दिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तुमची झाकली मूठ राहते, माझीही राहते. आक्का येईल, बघेल, गप्प राहील. पण ती पोरगी लोकांना सांगत सुटेल की आमचे आजोबा खाण्याचे शौकीन, आणि मी तिथे साडी नेसून उभी राहून मान डोलवू? माझ्या आठवणीतल्या तुमच्या पानात गार भात आहे आण्णा. दुपारी जेवण टाकून मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. सांगताना घाई इतकी की ती दोनदा म्हणाली, आत्या हळू. मला वाटलं, तिला लाज वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे आजोबा ही कव्हरं वाचायचे." मी म्हटलं, हो बाई, वाचायचे. नवं कार्ड मीच लिहून दिलंय: 'यांना अक्षरं येत नव्हती. चित्रं बघून ते बरोबर गाणं लावत. एकदाच चुकले. केळीचं पान त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने कापलं होतं, म्हणून.' दिलं खरं, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुमचा शब्द मोडला. धंदा आता नाही, कर्णा नाही, तरी शब्द तो शब्द. रविवारी हॉलमध्ये शिरताना तुम्ही कुठून तरी खिसे चाचपत बघत असाल असंच मला वाटणार आहे.

हे पत्र कुठे टाकणार? पाकिटात घालून काउंटरच्या खणात ठेवेन. पोचतं झालं असतं तरी तुम्हाला वाचून दाखवायला मीच लागले असते, गोठ्यामागे, तुम्ही डोळे मिटून. आणि माझा काही भरवसा नाही, वाचता वाचता मी पुढचं गाळलं असतं. म्हणून ते शेवटी लिहितेय. हे नातीला सांगितलं नाही, आक्कालाही नाही.

चार्टला पहिला नंबर नव्हता आण्णा. कसलाच नंबर नव्हता. पानाचा पुठ्ठा जाड, कडेला अर्धी कापलेली इंग्रजी अक्षरं, बाईंच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'घरातील वस्तू न विचारता कापून आणली आहे. पालकांनी समज द्यावी व सही करावी.' मी चार्टची घडी घालून फक्त खालची पट्टी तुमच्यापुढे धरली. तुम्ही म्हणालात, चित्र दाव की. मी म्हटलं, डिंक ओला आहे. तुम्ही लाल अक्षरांवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "पहिला नंबर." तुम्ही आईला हाक मारलीत, हात धोतराला पुसलात, पेन मागून घेतलंत, आणि त्या लाल अक्षरांखाली, लय सावकाश, पाठ केलेल्या चित्रासारखी, तुमची सही काढलीत.